झाकणाचा आवाज

सोसायटीत आता कुणी उरलं नाही.
ए विंगच्या प्रत्येक फ्रीजमध्ये माझा एक तरी डबा आहे,
बी विंगच्या बायका मला बघून
लिफ्ट सोडून जिन्याने जातात,
गुडघे दुखत असले तरी.
धनकवडीच्या नणंदेने सत्यनारायणाला बोलावलं
आणि फोन ठेवता ठेवता म्हणाली,
"ती पिशवी नको हं आणूस."

निरंजना मॅडम म्हणाल्या, आता लांबचं बघ.
वस्तू विकू नकोस, माणूस जोड.
वहीत तीन रकाने पाड,
गरम, कोमट, गार.

तेव्हापासून मागचं आवरलं की
धायरीच्या या वीतभर गॅलरीत,
वाळत्या चादरीखाली, वही घेऊन बसते.
एकेक नंबर ओळखीच्या ओळखीचा:
मावसबहिणीच्या जावेची भिशी,
शाळेचा ग्रुप, कुणाच्या तरी डोहाळजेवणात
शेजारी बसलेली बाई.

इचलकरंजीहून विचारणा झाली, "बँकेतून बोलताय का?"
जळगाव जामोदला सासऱ्यांनी उचलला,
सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदा खोकले,
म्हणाले, सून घरी नाही, पण मला समजलं,
चारावर एक फुकट.
त्यांना मी कोमटमध्ये लिहिलं.

मग किनवटच्या पद्मजाताई मामीडवार.
म्हटलं, घरी दहा बायका फक्त बोलवा,
चहा-चिवडा तुमचा,
बाकी मी व्हिडिओवर आहेच.
"दहा कुठून आणू? आमच्या गल्लीत चौघी राहिल्या,
त्यातल्या दोघी बोलत नाहीत एकमेकींशी."

मी हटले नाही. ट्रेनिंगमध्ये शिकवलंय,
समोरचं माणूस गप्प झालं
की वस्तूला बोलू द्यावं.
फोन ओट्यावर ठेवला, डबा जवळ नेला,
झाकण मधोमध दाबून कड जराशी उचलली.
फुस्स.
"हवा गेली बघा. आता आत काही खवट होत नाही."

पलीकडे काहीच नाही. वाटलं, रेंज गेली.
मग चपलांचा आवाज, मांडणीची खडखड,
आणि एक घट्ट, स्टीलची, ठण्ण.
"हा आमचा. पोराचा शाळेचा.
आता तुमच्या पुण्यातच असतो तो, हिंजवडीला.
जवळ आहे का हो तुम्हाला?"

धायरीहून हिंजवडी म्हणजे दोन बस आणि अर्धा जन्म.
मी म्हटलं, जवळच आहे.

"मग एक कराल का?
जवसाची चटणी ट्रॅव्हल्सवाल्याकडे देते,
बाजारातल्या पिशवीत तेल सुटतं.
तुम्ही उतरवून घ्या, तुमच्या त्या डब्यात भरा,
डब्याचे पैसे आत्ताच पाठवते.
आणि बघून या, जेवतो का.
मला खरं सांगत नाही."

एवढ्या सफाईने मला आजवर कुणी जोडलं नव्हतं.
ना फुकट डबा, ना हप्त्याचं आमिष,
ना मोठ्या मोठ्या स्वप्नांचा व्हिडिओ.
मॅडमना काय सांगणार?

शनिवारी पहाटे साडेपाचला वाकडच्या पुलाखाली
क्लीनरने पुडकं हातात दिलं,
वर दोरा गुंडाळलेला, वर्तमानपत्रावर तेलाचा नकाशा.
बसथांब्यावरच्या बाकावर बसून डबा भरला,
बोटं ओढणीला पुसली.

तिसऱ्या मजल्यावर दार उघडलं.
मुलाने आधी पिशवीकडे पाहिलं
(सगळेच पाहतात),
मग म्हणाला, "आम्हाला काही नको."
मी म्हटलं, किनवटहून आलंय.

तो झाकण उपसायला लागला, कडेकडेने, उलटं.
मी शिकवलं, असं नाही रे,
मध्ये दाब, कोपरा उचल.
फुस्स.
लसणाचा वास खोलीभर झाला
आणि आतून एकेक जण बाहेर आला,
एकाच्या तोंडात ब्रश तसाच.

ओट्यावर पावाचा अर्धा पुडा, बाकी काही नाही.
हे ताईंना सांगायचं का, ते अजून ठरलेलं नाही.
वहीत त्यांच्या नावापुढचे तिन्ही रकाने कोरे आहेत.

मी पोरं मोजली मात्र.
चौघे.
सवय.